संग्रहालयशास्त्र: एमए की पदविका, आणि हाताला नेमकं काय लागायला हवं?

जाईजुई

बीए इतिहासाचं शेवटचं वर्ष चालू आहे. पुढे वस्तुसंग्रहालयातच काम करायचं हे पक्कं आहे, पण वाट कुठली धरावी ते कळत नाही. दोन वर्षांचं एमए म्युझिऑलॉजी करावं, की इतिहास किंवा पुरातत्त्वात एमए करून वर एखादी पदविका घ्यावी? बडोदा, मुंबई, दिल्ली ही नावं कानावर येतात. संकेतस्थळांवर विषयांची यादी मिळते, पण तिथून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याला प्रत्यक्षात काय करता येतं ते कुठे लिहिलेलं नसतं. प्रवेश घेण्याआधी विभागाला काय विचारावं?

धाकट्या भावाचं बीएससी रसायनशास्त्र चालू आहे. त्याला जुन्या वस्तूंच्या जतनाचं काम करायचंय. त्याची वाट वेगळी का? आणि सरकारी जागांसाठी पात्रता कशी बघतात? जाणकारांनी जरा तपशिलात सांगावं.

---

दाखलनोंद

आधी अभ्यासक्रमांचं सांगतो, मग त्याहून महत्त्वाचं.

बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातला म्युझिऑलॉजी विभाग १९५२ पासून आहे, देशातल्या जुन्यातल्या जुन्या विभागांपैकी. गावात १८९४ चं बडोदा म्युझियम आहे, त्यामुळे शिकताना मोठा आणि मिश्र संग्रह हाताशी असतो: चित्रं, शिल्पं, प्राण्यांचे सांगाडे, सगळंच. कोलकाता विद्यापीठाचा विभाग १९५९ चा. बनारस हिंदू विद्यापीठात भारत कला भवनासारखा संग्रह आवारातच आहे. अलीगढलाही हा विषय शिकवतात. दिल्लीची राष्ट्रीय संग्रहालय संस्था १९८९ ची. ती आता नोएडात असून इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ हेरिटेजचा भाग झाली आहे. तिथे कलेतिहास, जतन आणि संग्रहालयशास्त्र असे तीन वेगळे रस्ते आहेत, अर्ज करताना त्यांची गल्लत करू नका. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची संग्रहालयशास्त्र आणि जतन या विषयाची पदव्युत्तर पदविका आहे, मुंबई विद्यापीठाशी जोडलेली. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाचा अभ्यासक्रम आधुनिक व समकालीन कला आणि प्रदर्शन-मांडणीकडे झुकणारा आहे. नोंदी आणि स्टोअर (प्रदर्शनाबाहेरच्या वस्तूंचा साठा) शिकायला तिथे जाण्यात अर्थ नाही, पण कलादालनात काम करायचं असेल तर तो उपयोगी. पुण्याचं डेक्कन कॉलेज म्हणजे पुरातत्त्व. ते संग्रहालयशास्त्र नव्हे, पण खापरं ओळखणं, त्यांची मोजून रेखाटनं करणं, उत्खननाची नोंद ठेवणं या गोष्टी तिथून शिकून आलेल्या माणसाला जिल्ह्याच्या संग्रहालयात सोन्याचा भाव असायला हवा.

आता मुद्दा. मुंबई-दिल्लीच्या मोठ्या संस्थांत नोंदणी, जतन, प्रदर्शन, शिक्षण असे वेगवेगळे कक्ष असतात. तेरचं संग्रहालय घ्या, औंधचं घ्या किंवा एखाद्या ट्रस्टचं तालुक्यातलं घ्या, तिथे माणसं मोजकीच आणि कामं सगळी. अशा ठिकाणी पहिली गरज असते ती कुठली वस्तू आपली आहे, ती आत्ता कुठे आहे आणि कुठल्या अवस्थेत आहे, हे कागदावर सांगू शकणाऱ्या माणसाची. प्रदर्शनाची मांडणी बाहेरची संस्था करून देते. संशोधन प्राध्यापक करतात. नोंद मात्र बाहेरून करून घेता येत नाही, कारण ती रोज चालू ठेवायची असते.

म्हणून विभागाला हे विचारा. दोन वर्षांत एका विद्यार्थ्याच्या हातून किती वस्तूंची पूर्ण नोंद होते, म्हणजे मापं, वर्णन, छायाचित्र, अवस्था, क्रमांक टाकणं आणि जागेची नोंद धरून? उत्तर ‘प्रात्यक्षिक असतं’ असं आलं तर आकडा विचारा. ३० च्या आत असेल तर माझ्या मते ते शिक्षण अपुरं आहे. दुसरं, प्रात्यक्षिक खऱ्या संग्रहावर होतं की शिकवण्यासाठी ठेवलेल्या नकलांवर? सुरुवात नकलांवरच व्हायला हवी, पण शेवटही तिथेच होत असेल तर चालणार नाही. तिसरं, इंटर्नशिप सलग किती आठवड्यांची आणि स्टोअरमध्ये प्रवेश आहे का? बऱ्याच ठिकाणी इंटर्नला माहिती कक्षात बसवतात किंवा शाळांच्या सहलींमागे फिरवतात. सहा-आठ आठवडे सलग स्टोअरमध्ये मिळाले तर ते एखाद्या पेपरपेक्षा मोलाचे. चौथं, तापमान-दमटपणाच्या नोंदी विद्यार्थी स्वतः घेतात का आणि त्या आकड्यांचा अर्थ लावायला कोण शिकवतं?

एमए की पदविका याचं उत्तर तुमच्या पदवीच्या विषयावर अवलंबून आहे. इतिहासाचा पाया असल्यामुळे मी एमए म्युझिऑलॉजी सुचवीन, बडोद्याचं असेल तर उत्तम. विषयात एमए आणि वर पदविका हा रस्ता नाणी, मूर्ती, हस्तलिखितं यांपैकी एकात खोल जायचं असेल त्यांच्यासाठी.

---

मांजरपाट

वरच्या प्रतिसादाशी सहमत. ‘पूर्ण नोंद’ म्हणजे काय, ते एका वस्तूवर दाखवते, म्हणजे विभागात गेल्यावर काय बघायचं ते कळेल.

समजा देणगीत तांब्याचा गडू आला. जुन्या रजिस्टरांत अशी नोंद सापडते: ‘गडू, तांब्याचा, जुना, १ नग’. ही नोंद चोरीनंतर पोलिसांना देऊन बघा, काहीही उपयोग होणार नाही. नीट नोंद अशी होते: गडू, तांबं, ठोकून घडवलेला, मान वेगळी करून डाख लावून जोडलेली, आतून कल्हई, अर्धीअधिक उडालेली, उंची १४२ मिमी, पोटाचा व्यास १२८ मिमी, तोंडाचा व्यास ८१ मिमी, वजन ४६० ग्रॅम, बुडावर ठोक्यांनी पाडलेलं देवनागरी नाव, जसं आहे तसंच उतरवून, चुकीच्या ऱ्हस्व-दीर्घासकट, काठावर ९ मिमीची चीर. भांड्यावर नाव घालण्याची आपली पद्धत ही नोंदणाऱ्यासाठी मोठीच देणगी आहे. नाव, गाव, कधी तिथी किंवा साल, लग्नात कुणी दिलं तेही. ते वाचून उतरवलं नाही तर वस्तूचा अर्धा इतिहास गेला.

यासाठी ‘ऑब्जेक्ट आयडी’ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, १९९७ चं. छायाचित्रांसोबत नऊ गोष्टी लिहायच्या: वस्तूचा प्रकार, पदार्थ व घडणीची रीत, मापं, कोरीव मजकूर व चिन्हं, वेगळेपणाच्या खुणा, शीर्षक, विषय, काळ, कर्ता. यातली ‘वेगळेपणाच्या खुणा’ सगळ्यात महत्त्वाची. दोन गडू सारखे असू शकतात, दोन चिरा सारख्या नसतात.

क्रमांक तीन भागांचा ठेवतात. २०२४.१५.३ म्हणजे २०२४ साली आलेल्या १५ व्या देणगीतली तिसरी वस्तू. झाकण वेगळं असेल तर ३अ, ३ब. जुना क्रमांक कधीही खोडायचा नाही, तो ‘पूर्वीचा क्रमांक’ या रकान्यात जातो. आणि वस्तू हरवली, फुटली, परत गेली तरी तिचा क्रमांक दुसऱ्या वस्तूला द्यायचा नाही. हे शेवटचं सर्रास घडतं आणि वीस वर्षांनी कुठली पावती कुठल्या वस्तूची हे कुणालाच सांगता येत नाही.

क्रमांक टाकायची पद्धत धातू, दगड, लाकूड, भाजलेली माती यांसाठी अशी. पॅरालॉइड बी-७२ (पारदर्शक ॲक्रिलिक राळ) चे दाणे २० ग्रॅम, १०० मिलि ॲसिटोनमध्ये. दाणे नुसते टाकले तर तळाशी चिकट गोळा होतो. मलमलीच्या पुरचुंडीत बांधून बाटलीत टांगून ठेवायचे, रात्रभरात विरघळतात. सहज नजरेत न भरणाऱ्या, पण अगदी लपलेल्याही नसलेल्या जागी १ बाय ३ सेंमीचा पट्टा, पातळ हाताने. टेकणारा बूड टाळायचा, घासून जातो. पट्टा पूर्ण वाळू द्यायचा, २० मिनिटं तरी. त्यावर काळ्या पिगमेंट शाईने क्रमांक, गडद वस्तूवर पांढऱ्या ॲक्रिलिक रंगाने. वरचा थर त्याच द्रावणाचा दिला तर ॲसिटोन खालचा थर विरघळवतं आणि क्रमांक फराटतो. म्हणून वरून पॅरालॉइड बी-६७ मिनरल टर्पेंटाइनमध्ये करून लावतात.

आपल्याकडे पावसाळ्यात एक अडचण हमखास येते. ॲसिटोन झपाट्याने उडतं, पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं बाष्प त्यावर बसतं आणि थर दुधासारखा पांढरा होतो. कोकणात आणि मुंबईत जुलैमध्ये हे काम एसीच्या खोलीत करा नाहीतर ऑक्टोबरवर ढकला. नेलपॉलिश वापरायचं नाही; ते पिवळं पडतं आणि पापुद्रा धरून सुटतं. लाखकाम, रंगवलेलं लाकूड, प्लॅस्टिक यांवर ॲसिटोन अजिबात नाही. सावंतवाडीची खेळणी आणि गंजिफा (हाताने रंगवलेले पत्ते) यांना म्हणून दोऱ्याची चिठ्ठी किंवा पाकिटावर क्रमांक.

नाण्यावर काहीच लिहायचं नाही, पाकिटावर लिहायचं. कागदावर मागच्या बाजूला कोपऱ्यात २बी पेन्सिल, टेबलावर सपाट ठेवून, दाब न देता. कापडाला सुती पट्टी, धुऊन घेतलेली, त्यावर न पसरणाऱ्या शाईने क्रमांक, आणि पट्टीची दोन टोकं बारीक सुईने सुती दोऱ्याचे दोन-दोन टाके घालून. सुई विणीच्या धाग्यांच्या मधून जायला हवी, धाग्याच्या आरपार नाही. पैठणीला हे शिकताना हात थरथरतो, म्हणून आधी जुन्या सुती लुगड्यावर पन्नास वेळा करायला लावणारा विभाग चांगला.

पैठणीचाच विषय निघालाय तर: घडी घालून ठेवलेल्या शालूची जर घडीवर तुटते. रुंद नळीवर गुंडाळून ठेवतात, जरीची बाजू बाहेर, मध्ये आम्लविरहित टिश्यू, वरून धुतलेला मांजरपाट. नवा मांजरपाट तसाच वापरला तर त्याची खळ कसरीला आवतण देते. दोनदा गरम पाण्यात धुऊन घ्यायचा. डांबरगोळ्या नकोत, त्यांची वाफ माणसाच्या आरोग्यालाही वाईट.

---

आम्लविरहित

जाईजुई, तुमच्या भावासाठी लिहितो. हो, त्याची वाट वेगळी आणि रसायनशास्त्राचा पाया असल्यामुळे मोकळीही. वर आलेला नोएडाचा जतनाचा एमए, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कलासंवर्धन केंद्र, इन्टॅक या वारसा-जतन संस्थेच्या प्रयोगशाळा आणि लखनौची राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण अनुसंधान प्रयोगशाळा (१९७६) ही या क्षेत्रातली मोठी ठिकाणं. लखनौच्या प्रशिक्षणांच्या सूचना वेळोवेळी निघतात, त्यावर लक्ष ठेवावं.

बीएससीच्या विद्यार्थ्याची अडचण ज्ञानाची नसते, हाताची आणि धीराची असते. प्रयोगशाळेत अभिक्रिया पूर्ण व्हावी अशी सवय लागते. इथे बहुतेक वेळा अभिक्रिया थांबवायची असते.

तांब्या-पितळेचंच उदाहरण घ्या. जुन्या देवांच्या मूर्ती चिंच-मीठ लावून लख्ख करण्याची रीत घरात ठीक आहे, संग्रहालयात ती घातक ठरते. चिंचेचं आम्ल वरचा टिकाऊ थर काढून टाकतं आणि मिठातलं क्लोराइड धातूच्या छिद्रांत जाऊन बसतं. तिथे क्युप्रस क्लोराइड तयार होतं, ते हवेतलं पाणी आणि ऑक्सिजन घेऊन फिकट हिरवी भुकटी बनतं आणि त्यात सुटलेलं हायड्रोक्लोरिक आम्ल पुन्हा आतलं तांबं खातं. चक्र थांबत नाही. याला ब्राँझ डिसीज म्हणतात. गडद, चिवट हिरवा थर हा रोग नव्हे, तो बहुधा वस्तूचं रक्षण करत असतो. बोटाला लागणारी फिकट, भुसभुशीत भुकटी म्हणजे रोग. शंका असेल तर भुकटी लाकडी काडीने काढून वस्तू बंद डब्यात ओल्या कापसाशेजारी, पण त्याला न टेकता, एक-दोन दिवस ठेवतात. भुकटी पुन्हा आली तर रोग जिवंत आहे.

उपाय दोन पातळ्यांवर. दमटपणा ४० टक्क्यांच्या खाली ठेवला की चक्र जवळपास थांबतं: घट्ट झाकणाचा पॉलिप्रॉपिलीनचा डबा, आत सुकं सिलिका जेल आणि छोटा दमटपणामापक. जेल नारिंगी रंगबदलाचं घ्यावं. निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, ते आरोग्याला धोक्याचं. ओलावलेलं जेल ओव्हनमध्ये १२० अंशांच्या आसपास काही तास ठेवलं की पुन्हा सुकतं. दुसरी पातळी बेन्झोट्रायाझोलच्या लेपाची, म्हणजे तांब्यावर संरक्षक थर धरणारं रसायन, इथेनॉलमध्ये साधारण ३ टक्के. ते विषारी आहे, नायट्राइल हातमोजे आणि वाफा ओढणारा कपाट-पंखा नसताना त्याला हात लावायचा नाही. आणि क्लोराइड आत तसंच राहिलं असेल तर लेप देऊनही रोग उलटतो, त्यामुळे कोरडी साठवण टळत नाही.

भावाला विभागात एक प्रश्न जरूर विचारायला सांगा: प्रदर्शनाच्या कपाटांचं सामान तपासायला ऑडी चाचणी करून घेता का? काचेच्या नळीत शिसं, चांदी आणि तांबं यांचे घासून स्वच्छ केलेले तुकडे, शेजारी तपासायचं प्लायवूड, कापड किंवा गोंद आणि थोडं पाणी. ६० अंशांवर २८ दिवस. तुकडे काळवंडले की ते सामान बाद. एमडीएफ आणि प्लायमधून निघणारी आम्ल वाफ शिशाला खाते, लोकर आणि रबरातलं गंधक चांदी काळी करतं. कपाटाचं सुतारकाम ठरवणाऱ्या बैठकीत हे सांगणारा कुणी नसला की लाखो रुपयांच्या नव्या कपाटात दोन वर्षांत चांदीची भांडी काळी होतात आणि मग ती पुन्हा पुन्हा घासली जातात. प्रत्येक घासण्यात थोडी चांदी जाते, नक्षीच्या कडा बोथट होतात.

कागदाकडे जायचं असेल तर गव्हाच्या सत्त्वाची खळ आणि जपानी टिश्यू हे रोजचं साहित्य. खळ का? पाण्याने परत सोडवता येते म्हणून. सेलोटेप का नाही? त्याचा चिकट भाग कागदात मुरतो, पिवळा होतो आणि डाग राहतो. लॅमिनेशन केलेली सनद तर जवळपास कायमची अडकली.

सुट्टीत भावाने तीन गोष्टींचा सराव करावा: बारीक शिवण, पेन्सिलने वस्तूचं मोजून रेखाटन, आणि जलरंगात दिलेल्या छटेशी छटा जुळवणं. प्रवेशाच्या मुलाखतीत प्रमाणपत्रांपेक्षा हे जास्त बोलतं.

---

जावक क्रमांक

सरकारी जागांबद्दल. महाराष्ट्रात पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय (१८६३), कोल्हापूरचं टाउन हॉल, औंधचं श्री भवानी, तेरचं अशी संग्रहालयं आहेत. केंद्रातल्या वरच्या जागा लोकसेवा आयोगामार्फत भरतात. महापालिका, विद्यापीठं आणि ट्रस्ट यांच्या जाहिराती वेगळ्या.

जाहिरातीत ‘आवश्यक’ आणि ‘इष्ट’ अर्हता वेगवेगळ्या लिहिलेल्या असतात. आवश्यकमध्ये पदवीचं नाव जसं दिलंय, अर्ज तिथेच तपासला जातो. तुमच्या गुणपत्रिकेवर ‘वारसा व्यवस्थापन’ असेल आणि जाहिरातीत ‘म्युझिऑलॉजी’ असेल तर समकक्षतेचा वाद उद्भवू शकतो. प्रवेश घेण्याआधी गेल्या चार-पाच वर्षांच्या जाहिराती गोळा करा, पदवीची नावं एका वहीत उतरवा आणि मग ठरवा. हे अर्ध्या दिवसाचं काम आहे.

दुसरं अनुभवाचं प्रमाणपत्र. ते संस्थेच्या लेटरहेडवर, जावक क्रमांक आणि तारखेसह, पदनाम, कधीपासून कधीपर्यंत, पूर्णवेळ की अर्धवेळ, मानधन आणि कामाचं स्वरूप एवढं लिहूनच घ्या. ‘आमच्याकडे उत्तम काम केलं, उज्ज्वल भविष्यासाठी शुभेच्छा’ असल्या पत्राचा छाननीत उपयोग होत नाही. विनामोबदला इंटर्नशिप अनुभवात धरतातच असं नाही. ते पत्र काम संपण्याच्या आठवड्यातच घ्यावं. सही करणारा अधिकारी बदलून गेला की फेऱ्या सुरू होतात.

प्राध्यापकीच्या पात्रतेच्या नेट परीक्षेत ‘म्युझिऑलॉजी अँड कॉन्झर्व्हेशन’ हा स्वतंत्र विषय आहे, क्रमांक ६६. शिकवायला जायचं असेल तर ती द्या.

कायद्याचं एक नीट वाचा: पुरावस्तू व कलानिधी अधिनियम १९७२, अंमल १९७६ पासून. १०० वर्षांपूर्वीची वस्तू पुरावस्तू, हस्तलिखितांना ७५ वर्षं. देणगी घेताना, कर्जाऊ देताना, परदेशी प्रदर्शनाला पाठवताना तो आडवा येतो. मुलाखतीतही विचारतात.

परदेशाचा विचार असेल तर लेस्टर विद्यापीठाचा विभाग १९६६ पासून आहे आणि तिथे दूरशिक्षणानेही पदव्युत्तर शिक्षण घेता येतं. जतनाच्या कामासाठी चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्टची मदत मिळते. पण आधी इथे एक-दोन वर्षं काम करून मग जावं. आपल्या हवेत, आपल्या संग्रहावर काम केलेल्या माणसाला तिथे नेमकं काय शिकायचंय ते माहीत असतं.

---

जाईजुई

सगळ्यांचे मनापासून आभार, भावाला तुमचे प्रतिसाद दाखवले. एक पुढचा प्रश्न. आमच्या तालुक्याला एका ट्रस्टचं छोटं संग्रहालय आहे. स्टोअरमध्ये अंदाजे दोन हजार वस्तू, बऱ्याच खोक्यांत, काही जमिनीवर. विश्वस्त म्हणतात, सुट्टीत दोन महिने ये आणि मदत कर. त्यांना एकदम संगणकावर यादी हवी आहे. सुरुवात यादीपासून करू का?

---

मांजरपाट

नाही. आधी जागा, मग यादी. वस्तू कुठे आहे ते ठरलेलं नसताना यादी केली तर महिन्याभरात ती खोटी होते, कारण कुणीतरी खोकी हलवतं.

इक्रोम या वारसा-जतनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची ‘री-ऑर्ग’ नावाची स्टोअर लावण्याची पद्धत अशाच छोट्या संग्रहालयांसाठी आहे, १०,००० वस्तूंपर्यंत. व्यवस्थापन, इमारत व जागा, संग्रह, फर्निचर व साधनं अशा चार बाजूंनी स्टोअर बघायचं. दोन महिन्यांत जमेल असा तुमचा क्रम: पहिल्या आठवड्यात वस्तूंना हात न लावता सगळ्या खोलीची छायाचित्रं आणि कागदावर नकाशा. मग वस्तू नसलेलं सामान बाहेर: मोडक्या खुर्च्या, जुने फलक, दिवाळीची तोरणं. यानेच बरीच जागा सुटते. मग जमिनीवरचं सगळं किमान १५ सेंमी वर, फळीवर. भिंतीपासून वीतभर अंतर, म्हणजे ओल आणि वाळवीची माती दिसते. मग प्रत्येक कपाटाला अक्षर, फळीला आकडा: क-३-२ म्हणजे क कपाट, तिसरी फळी, दुसरं खोकं. जड वस्तू खाली, काच मधल्या फळीवर. आणि एक हालचाल वही दाराशी बांधून ठेवा: तारीख, क्रमांक, कुठून, कुठे, कुणी, सही. ही वही विश्वस्तांनाही लागू.

एवढं झाल्यावर यादी.

---

दाखलनोंद

याला एक पुरवणी, थोडा मतभेदही. यादी पूर्ण नको हे खरं, पण पहिल्याच आठवड्यात जुनं रजिस्टर पानापानाने स्कॅन करून घ्या, कोरी पानंसुद्धा, आणि एक प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवा. आवराआवर सुरू झाली की चिठ्ठ्या गळतात, आणि मग जुना क्रमांक शोधायला रजिस्टर हाच एक धागा उरतो. ज्या वस्तूचा क्रमांक सापडत नाही तिला लगेच नवा दाखल क्रमांक देऊ नका. ‘ता’ अक्षर लावून तात्पुरता क्रमांक द्या. निम्म्या वस्तूंची ओळख पुढे रजिस्टरातून पटते. नवे क्रमांक दिले असते तर एकाच वस्तूच्या दोन नोंदी झाल्या असत्या.

संगणकासाठी साधी स्प्रेडशीट पुरे. एका ओळीत एक वस्तू, मापं मिलिमीटरमध्ये आणि आकड्यांच्या रकान्यात फक्त आकडे. ‘अंदाजे’, ‘सुमारे’ हे शेऱ्यात. पुढे पुण्याच्या सीडॅकचं ‘जतन’ हे संग्रहालयांसाठीचं सॉफ्टवेअर किंवा दुसरी कुठलीही प्रणाली घेतली तर अशी स्वच्छ शीट सहज उचलली जाते. संग्रह सांभाळण्याच्या कामाचं ब्रिटनचं ‘स्पेक्ट्रम’ मानक एकदा वाचून काढा. त्यातल्या २१ कार्यपद्धतींपैकी ९ मूलभूत आहेत, तुमच्या ट्रस्टला तेवढ्या खूप झाल्या.

---

मोडीवाचक

दोन गोष्टी राहिल्या. तुमच्या संग्रहात सनदा, पत्रं, हुंड्या असणारच. मोडी येत नसेल तर नोंदीत ‘मोडी कागद, १’ याच्या पलीकडे जाता येणार नाही. राज्याचं पुराभिलेख संचालनालय मोडीचं प्रशिक्षण देतं, पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाच्या परिसरात शिकलेली माणसं भेटतात. सहा महिने रोज एक पान वाचलं तर निदान तारीख, पाठवणारा, घेणारा आणि विषय उतरवता येतो. नोंदीला तेवढं पुरतं. महाराष्ट्रात काम करणाऱ्याला हे कौशल्य पदवीइतकंच उपयोगी पडतं.

दुसरं, प्रकाश. विश्वस्त तुम्हाला साड्या आणि चित्रं बाहेर मांडायला सांगतील. कापड आणि कागदाला ५० लक्स (लक्स म्हणजे पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाचं माप) ही मर्यादा सगळे सांगतात, पण वेळ मोजायला विसरतात. हळदीसारखे कच्चे रंग असतील तर वर्षाला १५,००० लक्स-तास एवढीच सोसण्याची हद्द धरतात. ५० लक्सवर रोज आठ तास म्हणजे दिवसाला ४००. सव्वा महिन्यात वर्षाचा शिधा संपला. पुढे ती वस्तू अंधारात आणि तिच्या जागी दुसरी. लक्समापक भाड्याने किंवा महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र विभागातून मिळतो. खिडकीशेजारच्या कपाटात दुपारी बाराला ठेवून आकडा विश्वस्तांना दाखवा. शेकड्यांत येईल, कधी हजारांतही, आणि पडद्यासाठीचे पैसे लगेच मंजूर होतील.

---

जावक क्रमांक

आणि त्या दोन महिन्यांचं पत्र. कामाच्या स्वरूपात लिहून घ्या: ‘साठा-दालनाची पुनर्रचना, जागा-संकेत प्रणाली, अमुक इतक्या वस्तूंची नोंद’. आकडा खरा असू द्या. मसुदा तुम्हीच टाइप करून न्या, विश्वस्त सही करतील. एमएच्या प्रवेश-मुलाखतीला हे पत्र, जागेचा नकाशा, आधीची-नंतरची छायाचित्रं आणि तुम्ही केलेल्या दहा उत्तम नोंदी एका फाइलमध्ये लावा. छायाचित्रं दाखवायला ट्रस्टची लेखी परवानगी घ्या, आणि मौल्यवान वस्तू नेमक्या कुठल्या कपाटात आहेत ते नकाशातून काढून टाका.